ग्रहणासाठी जपून ठेवलेला एक्स-रे

मी एक जुना एक्स-रे आहे. छातीचा. माझा एक कोपरा कापलेला आहे. तो का, ते सांगतोच. पण मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे.

माझा जन्म १९९५च्या फेब्रुवारीत, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या एका तपासणी शिबिरात झाला. हमालांची रांग लागली होती. साताऱ्याकडचे हौसेराव बंडी काढून थंडगार पत्र्याला छाती टेकून उभे राहिले. "श्वास धरा" म्हटल्यावर त्यांनी श्वास धरला आणि मी त्यांच्या आतलं सगळं जसंच्या तसं टिपलं. फासळ्या टिपल्या. हृदय टिपलं. आणि हृदयाला खेटून बसलेली, चांगल्या बटाट्याएवढी एक पांढरी सावलीही टिपली. ती तिथे असायला नको होती.

मी माझं काम चोख केलं. पण शिबिर होतं क्षयरोगाचं. तिथल्या माणसाने मला क्षणभर उजेडासमोर धरलं, पाकिटावर 'टीबी नाही' असा शिक्का हाणला आणि "पुढचा!" म्हणून ओरडला. हौसेरावांनी जवळच्या शिरवणे गावातल्या आपल्या खोलीवर पेढे नेले. पेढे! त्यांच्या पत्नी शकुबाईंनी मला देवापुढे ठेवून हळदकुंकू लावलं आणि मग गादीखाली सारलं. "ऱ्हाऊ दे. गिरान बघाया हुईल."

आठ महिने मी त्या गादीखाली होतो. वर हौसेराव असत, त्यामुळे मला सगळं कळायचं. आडवे झाले की त्यांचा जीव घुसमटायचा. मग भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच डोळा लावायचे. काळीज मधेच धडधडत सुटायचं, मधेच एखादा ठोका गाळायचं. एकदा पोतं उचलताना चक्कर येऊन पडले. गल्लीतला डॉक्टर म्हणाला, गॅस. मुकादम म्हणाला, वय झालं. त्यांची सून उज्वला तेवढी मागे लागायची. बी.ए. झालेली, चार वर्षांच्या लेकीला, राजलक्ष्मीला, शिंक आली तरी दचकणारी पोर ती.

"मामंजी, मोठ्या दवाखान्यात दाखवू या ना."

"तुला नुस्तं टेन्शन घ्यायची सवय, पोरी. टीबी न्हाई म्हणून शिक्का हाय की!"

माझ्याच पाकिटावरचा शिक्का! मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

ऑक्टोबरात ऐन दिवाळीच्या अमावस्येला सूर्यग्रहण आलं. सकाळीच मला बाहेर ओढलं. उज्वलाच्या नवऱ्याचा कंपनीतल्या तपासणीचा एक्स-रेही त्याच गादीखालून निघाला. हौसेराव कात्री घेऊन बसले. "राजीला येक तुकडा, मला येक." कच्कन माझा कोपरा गेला. कात्री पुढे सरकली, थेट त्या पांढऱ्या सावलीकडे.

"थांबा!" उज्वलाने आम्हा दोघांनाही हिसकावून घेतलं. "यातून सूर्य बघितला तर डोळे जातात, मामंजी. पेपरात आलंय. बघा, यातून किती उजेड येतो ते!"

तिने आम्हाला खिडकीशी धरलं आणि ती आलटून पालटून बघू लागली. एका हातात नवऱ्याची छाती, दुसऱ्या हातात सासऱ्यांची.

"आत्याबाई, हे काय आहे?" तिने शकुबाईंना विचारलं.

"कुठं काय? डाग पडला आसंल. गादीखाली हुता न्हवं."

"मग ह्यांच्या एक्स-रेत का नाही? डाग नाही हा! आठ महिने घरात होता आणि आपण पेढे खाल्ले! मामंजी, चपला घाला."

"आगं, आज दिवाळी हाय—"

"चपला घाला म्हणते ना!"

त्या घरात सुनेने सासऱ्यांवर आवाज चढवला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी हौसेरावांचा नवा एक्स-रे काढला आणि आम्हाला शेजारी शेजारी उजेडाच्या पेटीवर लावलं. त्याच्यातली सावली माझ्यातल्या सावलीपेक्षा मोठी होती. "छातीत गाठ आहे. ती हृदयाला दाबते, म्हणून ठोके चुकतात, म्हणून आडवं होता येत नाही. फेब्रुवारीतच का नाही आलात?"

उज्वलाने माझं पाकीट पुढे केलं. उत्तर पाकिटावर छापलेलं होतं.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. वाढलेली होती, म्हणून ते अवघड गेलं. हौसेराव आता पोतं उचलत नाहीत. पण दीड महिन्याने एका दुपारी ते गादीवर उताणे, हातपाय पसरून झोपले. उज्वला दारात उभी राहून त्यांचा श्वास मोजत होती. अजूनही मोजते.

तरी माझा राग गेलेला नाही. मित्रांनो, मला गादीखाली सारू नका. देवापुढे ठेवू नका. सूर्यासमोर तर मुळीच धरू नका. ज्याला मला वाचता येतं त्याच्यासमोर धरा. आणि तो क्षणभरात मला खाली ठेवू लागला, तर त्याचा हात धरा आणि विचारा, "टीबी नाही, ते कळलं. मग हे काय आहे?"