आठ तीन आणि शेवटी एक

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे, इतकी जुनी की माझा जन्म कधीचा हे मलाही ठाऊक नाही. आठ तीन आणि शेवटी एक, म्हणजे तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. सगळ्यांत थोरली बहीण एकतीस, तिच्या पाठची तीनशे एकतीस. असं पुढे एकेक तीन जोडत गेलं की सात बहिणी होतात. सातही मूळ संख्या, एक आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणाऱ्या. मी आठवी.

सर्बियातल्या एका खेड्यात तिहोमिर मास्तरांनी मला चाळीस वर्षं फळ्यावर मिरवलं. घराणं पाहून मुलगी पसंत करावी, तसंच झालं. तेरापर्यंत भागून पाहिलं आणि पुढे थोरल्या बहिणींच्या चांगुलपणावर सोडून दिलं. पोरांना सांगायचे, "हिला भागणारा अजून जन्मायचाय." खरं काय ते मला ठाऊक होतं, पण एवढं कौतुक चाललेलं असताना तोंड कोण उघडतो?

त्या गावात माणसं जिवंतपणीच आपल्या थडग्याचा दगड घडवून घेतात. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी स्वतःचा आणि बायकोचा असा एकच दगड करायला टाकला आणि दोन नावांच्या खाली मला कोरायला सांगितलं. ल्युबिसाव पाथरवट कामाला लागला.

इकडे मास्तरांची बायको स्तामेंका अंगणात लाल मिरच्यांचं चटणीसारखं आयवर शिजवत होती. ते चार तास ढवळावं लागतं, हात थांबला की तळाला लागतं. दुसरा हात रिकामाच होता. जिच्या सोबतीने कायमचं निजायचं तिची चौकशी नको का, म्हणून तिने मिरच्यांच्या पोत्यावर कोळशाने भागाकार मांडला. सतराने भागल्यावर बाकी उरली शून्य.

ती पळी हातात घेऊनच पाथरवटाकडे गेली. मास्तर तिथेच काम बघत उभे होते. "तिहोमिर, तुझ्या या लाडकीला सतराने भाग जातो."

मास्तरांनी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा बाकी शून्यच. शिकवलेली निम्मी पोरं अजून गावातच होती. मला मास्तरांची फार दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

ल्युबिसावचे सात तीन कोरून झाले होते. तो हळूच म्हणाला, "मास्तर, पुढे लगेच एक मारतो. सातवी बहीण होईल, ती तर खात्रीची आहे. कुणाला कळतंय?"

मास्तर म्हणाले, "नको. आठवा तीन मार. माझ्या नावाखाली सतरा लिही, हिच्या नावाखाली एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस, आणि मधे गुणिले."

"मोठा आकडा मला?" स्तामेंकाने विचारलं.

"भागलंस तू. मी तेरालाच थांबलो होतो."

तर मित्रांनो, नुसत्या घराण्यावर भाळू नका, भागून पाहा. आणि चूक निघालीच तर ती खोडू नका. चाळीस वर्षं मला मिरवताना मास्तरांनी माझ्यासमोर कधी टोपी काढली नव्हती. आता दगडाजवळून जाताना रोज काढतात.