चटईची कड

पहिला दगड पाठीत बसला. मासेलिनो हलला नाही.

हलायचं नसतं, सामोअन रीतच तशी. ज्याचं वाटोळं केलं त्याच्या दारात पहाटे गुडघे टेकायचे, डोक्यावरून बारीक विणीची चटई ओढून घ्यायची. घरच्यांनी ती उचलली तर माफी. नाही उचलली तर मारतील तेवढं खायचं.

दुसरा दगड कानावर. चटईखाली रक्ताचा वास.

"तुझा कुळप्रमुख कुठाय रे? एकटाच आलास?" ज्याचं वाटोळं झालं त्या तुईचा भाऊ पेनी ओरडला.

"तो म्हणाला, ऑस्ट्रेलियात असलं चालत नाही."

"कोर्टात ऑस्ट्रेलियन, माझ्या दारात सामोअन! दोन पासपोर्ट, दोन तोंडं!"

लाथ. बरगडीत काहीतरी कडकन मोडलं.

खोटं नव्हतं ते. क्लबबाहेर दोघंही प्यायलेले, दोघांनीही बाटल्या फोडल्या. मासेलिनोची दोन बोटं गेली, तुईचा डोळा. शिक्षा सारखीच. पण मासेलिनोकडं इथलंही नागरिकत्व होतं. तो सुटून घरी आला. तुई इथंच, लोगनमध्ये लहानाचा मोठा झाला, पण पासपोर्ट एकच, न्यूझीलंडचा. परदेशी गुन्हेगार म्हणून त्याला तुरुंगातून थेट तिकडच्या विमानात बसवलं. तिकडं त्याचं कुणी नाही.

टीव्ही, पुराच्या वर्षी: आपल्या क्वीन्सलँडचा वाघ! बुडत्यांना वाचवणारा मासेलिनो!

टीव्ही, मारामारीनंतर: सामोअन गुंडांचा हैदोस.

टीव्ही, आत्ता: फाटकापाशी गाडी थांबली. बाई माइक घेऊन अंगणात शिरली. "परदेशी टोळीनं आज पहाटे या घराला..."

"टोळी?" पेनी हातातल्या दगडासकट वळला. "ओ बाई, एकटाच आहे हा!"

"चेहरा दिसत नाहीये," कॅमेरावाला म्हणाला. "चटई जरा वर करतो हं."

"हात लावायचा नाही!"

दारातून तुईचा बाप, म्हातारा फिलिपो, खाली उतरला. अनवाणी. कॅमेरावाल्याच्या छातीवर हात देऊन त्यानं त्याला मागं लोटलं, खाली वाकला आणि स्वतःच चटईखाली शिरला.

आत अंधार. दोघांचे श्वास.

"काका..." मासेलिनोच्या तोंडातून रक्त आलं.

"गप. मी उचलणार नाही. माझा पोरगा घरी येईपर्यंत नाही."

"बरं, काका."

"पण त्यांनाही उचलू देणार नाही."

बाहेर बाई बोलतच होती. म्हाताऱ्यानं चटईची कड दोन्ही मुठींत आवळली आणि रक्ताळलेल्या गवतावर दाबून धरली.