भिंतीवर आरबाचं नाव

पाहुण्यांना गाव दाखवायच्या शनिवारच्या फेरीत मुलं कंटाळू नयेत म्हणून आरबाने एक खेळ काढला होता. किल्ल्यापासून पुलापर्यंत चालताना जिथे जिथे नाव दिसेल तिथून ते वहीत उतरवायचं आणि पुलावर ज्याची यादी सगळ्यांत लांब, त्याला भाजलेलं केळं. घानाच्या किनाऱ्यावरच्या या एल्मिनात नावांना तोटा नाही. डच व्यापाऱ्यांच्या घरांवर ती दगडात कोरलेली आहेत, होड्यांवर रंगवलेली आहेत आणि उरलेल्या भिंतींवर मेलेल्यांचे कागद असतात: वर फोटो, त्याखाली वय आणि तळाशी मागे राहिलेल्यांची यादी.

त्या दिवशी पाच कुटुंबं आली होती. त्यांतले बोआतेंग नावाचे, समुद्रापासून दूरच्या कुमासीचे एक गृहस्थ सुरुवातीपासून फिरकी घेत होते. तुम्ही किनाऱ्यावरचे फांटी लोक अर्धा दिवस जेवता आणि उरलेला अर्धा दिवस उद्या काय जेवायचं ते ठरवता, असं ते म्हणाले. कुमासीकरांना मासा ताटात आल्यावरच ओळखू येतो, त्यांनी या विषयात पडू नये, असं आरबाने सुनावलं. सगळ्यांत मोठ्याने त्यांची बायकोच हसली.

जुन्या जकातघराच्या कोपऱ्यावर बोआतेंगांची नऊ वर्षांची मुलगी सेरवा मागे राहिली. भिंतीशी उभी राहून ती वहीत लिहीत होती.

"आँटी, तुमचं नाव आहे इथे."

मंगळवारी जन्मलेली प्रत्येक मुलगी आरबाच असते, या गावात हजार सापडतील, असं आरबा पाठमोरीच म्हणाली. सेरवाला ते पटलं नाही. तिने वहीतून वाचलं, "आरबा क्वानसिमा एंत्सी. टूर गाइड, एल्मिना."

आरबा वळली. कागद त्याच पहाटेचा असावा, कडांची खळ अजून ओली होती. फोटो कोव बेंतसिलचा होता. पुलाजवळ होड्या कोरणारा म्हातारा, वय एकाहत्तर, तीन आठवड्यांपूर्वी गेला. गेली नऊ वर्षं तिची प्रत्येक फेरी त्याच्या छपराखाली थांबत आली होती. एका झाडाच्या खोडातून होडी कशी निघते ते तो मुलांना दाखवायचा, त्यांचे तळवे लाकडाच्या आतल्या अंगावर ठेवायचा.

फोटोखाली विधवेचं नाव होतं. त्याखाली 'मुलं' असं शीर्षक आणि चार नावं. मुलांची नावं वयाच्या क्रमाने लिहितात. तिचं पहिलं होतं.

तिने यादी तीनदा वाचली. छापखान्याने ओळ चुकीच्या जागी टाकली असेल, कुणीतरी आभाराच्या यादीत सांगितलेलं नाव इथे आलं असेल. पण आभाराची यादी वेगळी होती आणि ती बरोबर छापलेली होती.

बोआतेंग जवळ आले, त्यांनीही वाचलं आणि टोपी काढली. "माफ करा. वडील गेलेत हे बोलला नाहीत तुम्ही. आम्ही आपले थट्टा करत बसलो."

त्यांनी हात पुढे केला. त्यांच्यामागे त्यांची बायको, मग अक्राहून आलेली बाकीची कुटुंबं, एकामागून एक, मोठ्यांबरोबर मुलंसुद्धा. आरबाने सगळ्यांचे हात हातात घेतले. ज्याच्या मरणाचं सांत्वन चाललं होतं त्याच्याशी तिचं नातं काय, हे त्या रांगेतल्या लोकांना तिच्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. तिचे वडील तर जिवंत होते. सकाळी तिच्यासमोर बसून त्यांनी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा गोळा, आणि मासा खाल्ला होता आणि मिरचीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली होती.

तिने फेरी तिथेच संपवली. केळीवाली कुठे बसते ते सांगितलं आणि ती तडक घरी आली.

तिचा बाप एंत्सी अंगणात जाळं पसरून बसला होता. तिला अवेळी बघून त्याने सुई खाली ठेवली.

"कागद लागले का?" त्याने विचारलं.

म्हणजे त्याला माहीत होतं. वाटेत तिने जे जे जुळवलं होतं ते या तीन शब्दांनी मोडलं.

"कागद उद्या लागणार होते. मी आज फेरीनंतर सांगणार होतो तुला," तो म्हणाला. "कोवच्या पोरांनी घाई केली."

"माझं नाव त्यांना कुणी दिलं, एग्या?" बापाला ती एग्याच म्हणायची.

"मी दिलं."

मग तो बोलत गेला, जाळ्याकडे बघत. तिची आई आधी कोवची होती. कोव मासेमारीच्या बोटीवर अबिजानला गेला आणि दोन वर्षं त्याची खबर नव्हती. मूल आठ दिवसांचं झालं तरी नाव द्यायला बाप नाही, म्हणून एंत्सीने दिलं. कोव परतला तेव्हा आरबा चालायला लागली होती. दोघे एकाच होडीवरचे. कोवने काही मागितलं नाही. फक्त पोरीचं नाव क्वानसिमा ठेवल्याबद्दल तो रडला. ते त्याच्या आईचं नाव होतं.

"तुम्ही मला त्याच्याकडे पाठवलंत," आरबा म्हणाली. "पोरांना होडी दाखवायची तर कोवकडे ने, असं तुम्हीच म्हणालात. दर शनिवारी."

"हो."

"त्याला माहीत होतं आणि तुम्हाला माहीत होतं. आणि मी लोकांना सांगत होते, हे बघा गावचे एक कारागीर."

एंत्सीने सुई पुन्हा जाळ्यात घातली. तिने कोवचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. तिला छप्पर आठवलं, कोरणी आठवली, मुलांच्या रांगा आठवल्या. नऊ वर्षं तिने इतरांना त्याच्याकडे बघायला लावलं होतं आणि स्वतः घड्याळाकडे बघितलं होतं.

बापाची शवपेटी मुलांनी द्यायची आणि थोरल्याने पुढे उभं राहायचं. आपल्या पेटीशी थोरली असावी एवढंच कोवने शेवटी एंत्सीकडे मागितलं होतं. पण नावं रेडिओवर वाचली जाणार होती ती आज संध्याकाळी सहाला. त्याआधी एंत्सीने निरोप दिला तर बेंतसिल ओळ गाळणार होते, कागदही बदलणार होते. त्यांच्या घराण्याच्या प्रमुखांनी तसा शब्द दिला होता.

"नको असेल तर नको म्हण," तो म्हणाला. "मी सांगतो त्यांना."

"आणि हो म्हटलं तर? मग तुम्ही माझे कोण?"

एंत्सीचे हात जाळ्यात थांबले. एवढं सगळं ठरवताना त्याने हा एकच प्रश्न स्वतःला विचारला नव्हता, हे तिला त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

तिला बसावंसं वाटलं, पण ती उभीच राहिली. ओल्या खळीतला तो फोटो तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"वाचू दे," ती शेवटी म्हणाली. "पण मी फोन करणार नाही. तुम्ही करा."

एंत्सीने खिशातून फोन काढला. चष्मा नसल्यामुळे त्याला नंबर सापडेना, तो तिने शोधून दिला. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं.

"हो, विचारलं," तो म्हणाला. "माझ्या मुलीचं नाव राहू द्या."