चरातली गाडी

टाळ्या वाजल्या की जॉनेल प्रुइटचं डोकं फिरायचं. त्या दिवशीही फिरलं. गव्हाच्या शेतांपलीकडे ढगाचं काळं बूड गरगरत खाली लोंबलं, त्यातून सोंड निघून जमिनीला टेकली आणि तिच्या व्हॅनमधल्या पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"नाटक नाहीये ते," ती मागे न बघताच म्हणाली. "त्या बाजूला माणसं राहतात."

टाळ्या थांबल्या, कॅमेरे काही थांबले नाहीत. जॉनेल मूळची ओक्लाहोमाचीच. दर वसंतात ती जगभरातून आलेल्या हौशी लोकांना वादळं दाखवत फिरायची. ढग कुठे फुगेल, गारा कुठे पडतील, पळायचं झालं तर कुठल्या रस्त्याने, हे सगळं तिच्या अंगात मुरलं होतं. वादळावर तिचा जीव होता. टाळ्यांवर नव्हता.

कंपनीचा मालक क्ले व्हिटेकर पुढे आपल्या नव्या कोऱ्या पांढऱ्या जीपमध्ये होता. तो वादळाचं थेट प्रक्षेपण करायचा आणि हजारो लोक ते घरबसल्या बघायचे. वायरलेसवर त्याचा आवाज आला, "जॉनेल, पुढच्या चौकात ये! सोंड शेतावर चाललीय. घर उडताना मिळेल बघ!"

"मिळेल म्हणजे काय रे?" जॉनेल ओरडली. पण त्याने वायरलेस बंद केला होता.

सोंडेने रस्ता ओलांडला. लांबून दिसणारं करडं छप्पर, धान्याची पत्र्याची कोठी, चार झाडं, सगळं एका धुळीच्या लोटात गेलं. लोट पुढे सरकला तेव्हा झाडांचे नुसते सोट उभे होते आणि घराच्या जागी काहीच नव्हतं. मागच्या बाकावरची ग्रीट, बेल्जियमहून आलेली दातांची डॉक्टर, तिने कॅमेरा मांडीवर ठेवला. "आत कोणी असेल?" तिने हळूच विचारलं.

जॉनेलने गाडी दामटली.

चौकात जत्रा भरली होती. वादळामागे धावणारे कुठून कुठून आले होते. गाड्या निम्म्या रस्त्यात, दारं सताड उघडी, मधोमध ट्रायपॉड. शेताकडे वळणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या अगदी तोंडाशी क्लेची जीप आडवी उभी होती, आणि क्ले तिच्यापासून जरा दूर, पाठीमागे ते उजाड शेत येईल असा उभा राहून फोनमध्ये बोलत होता. चेहरा गंभीर, आवाज कापरा. तो कापरा आवाज जॉनेलच्या चांगला ओळखीचा होता. हवा तेव्हा निघायचा.

तेवढ्यात मागून भोंगा ऐकू आला. गावातल्या अग्निशमन स्वयंसेवकांचा लाल बंब गाड्यांच्या गर्दीत अडकला होता. चालवणारा खिडकीतून अर्धा बाहेर येऊन शिव्या देत होता. मागच्या दोनचार गाड्या कशाबशा हलल्या. जीप मात्र जागची हलेना.

जॉनेल धावत क्लेपाशी गेली. "क्ले, गाडी काढ. बंब आलाय."

त्याने फोनवर हात ठेवला. "एक मिनिट. लाइव्ह आहे मी."

"तिथे माणसं गाडली गेली असतील!"

"म्हणूनच तर दाखवतोय ना! जगाला कळायला नको? हो बाजूला, फ्रेममध्ये येतेयस."

जॉनेलची कानशिलं तापली. ती तडक जीपकडे गेली. किल्ली आतच होती. तिने गाडी सुरू केली, चाक फिरवलं आणि ती पांढरीशुभ्र जीप सरळ रस्त्याकडेच्या चरात घातली. लाल चिखलात जीप बोनेटपर्यंत रुतली. बंब भोंगा वाजवत तिच्या बाजूने निघून गेला. जॉनेल खिडकीतून बाहेर पडली, गुडघाभर चिखलातून वर आली आणि बंबामागे पळत सुटली. ग्रीट आणि आणखी दोघं पाहुणे तिच्या पाठोपाठ पळाले.

अंगणातल्या, वादळात लपायच्या तळघराच्या दारावर कोठीचा पत्रा आणि एक अख्खं झाड पडलं होतं. आतून ठोकल्याचा आवाज येत होता. सगळ्यांनी मिळून झाड ओढलं. ग्रीटचे हात रक्तबंबाळ झाले, पण तिने सोडलं नाही. दार उघडलं तेव्हा आधी ऑरेन फ्रीसेनला बाहेर काढलं. तळघरात शिरायला त्याला जरा उशीर झाला होता आणि त्यात पाय मोडला होता. त्याच्यामागून त्याची बायको विल्मा वर आली. सत्तरी उलटलेली, एका पायात सपात, दुसरा अनवाणी. तिने घराच्या जागेकडे बघितलं. मग जॉनेलच्या शर्टावर छापलेलं कंपनीचं नाव वाचलं.

"छान दिसलं का गं?" विल्माने विचारलं. "नीट बघायला मिळालं ना तुम्हा लोकांना?"

जॉनेलने आपलं जाकीट काढून म्हातारीच्या खांद्यावर टाकलं. विल्माने ते ढकललं नाही, पण धन्यवादही म्हणाली नाही.

रस्त्यावर क्ले वाटच बघत होता. "कामावरून काढलंय तुला! माझी गाडी चरात घालतेस?"

"तुला घालायला हवं होतं," जॉनेल म्हणाली. "गाडीचा काय दोष?"

संध्याकाळी मोटेलशेजारच्या खानावळीत ती तिकडची पावासारखी मऊ बिस्किटं आणि दाट पांढरा रस्सा समोर घेऊन बसली होती, तर टीव्हीवर क्ले. केस विंचरलेले, डोळे पाणावलेले. "बंबाला वाट मिळावी म्हणून मी माझी स्वतःची गाडी चरात घातली," तो सांगत होता. "कुणीही हेच केलं असतं."

जॉनेलच्या हातातला काटा ताटात आपटला. "निर्लज्ज! अरे, हा माणूस तोंड वर करून..." शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. ग्रीट पट्ट्या बांधलेल्या हातांनी तिला खाली बसवत होती. तेवढ्यात क्लेचाच फोन आला.

"झालं गेलं सोड. परत ये कामाला. फक्त टीव्हीवाल्यांनी विचारलं तर..."

"तर काय? तू देवमाणूस आहेस म्हणून सांगू? बंबाच्या आड आलेल्या तुझ्या गाडीचं मी सांगेन, क्ले. विचारणाऱ्याला सांगेन आणि न विचारणाऱ्यालाही."

सकाळी ती फ्रीसेनच्या कुरणात गेली. तारा, खिळे, पत्र्याचे तुकडे वेचून काढायचे होते, नाहीतर गुरांच्या पोटात जातात. ग्रीट आणि तिघं पाहुणे आले, बाकीचे क्लेबरोबर नव्या ढगामागे गेले. विल्मा रात्रभर इस्पितळात नवऱ्यापाशी बसून परतली होती. ती जॉनेलजवळ आली.

"टीव्हीवरचा तो पोरगा म्हणतो गाडी त्याने घातली. बंबवाला ड्वेन माझा भाचा आहे. तो म्हणतो एका बाईने घातली."

"हो."

"मग गप्प का बसलीस? लाव त्या टीव्हीवाल्यांना फोन. माझा फोन गेला घराबरोबर."

जॉनेलने फोन लावून दिला. विल्मा कुरणाच्या मधोमध उभी राहून बोलू लागली. "मी विल्मा फ्रीसेन. काल जिचं घर तुम्ही संध्याकाळभर दाखवलंत, ती मी. कुणी एकदा तरी विचारलंत का दाखवू का म्हणून?" पलीकडचा माणूस मध्ये बोलायला गेला असावा. "थांबा हो, माझं संपलं नाही," ती कडाडली, आणि पुढे बराच वेळ तिचं संपलं नाही.

वाहिनीने दुसऱ्या दिवशी बातमीच्या शेवटी एक वाक्य टाकलं. तेही अर्धवट, जॉनेलचं नाव न घेता. क्लेच्या सहली पुढच्या हंगामात भरभरून गेल्या. जॉनेल तिथे पुन्हा फिरकली नाही. तिने ड्वेनच्या बंबाच्या तुकडीत नाव घातलं. पुढच्या मे महिन्यात ढग दाटून आले तेव्हा ती केशरी जाकीट घालून चौकात उभी होती. पहिली हौशी गाडी येऊन आडवी थांबताच तिने तिच्या टपावर जोरात थाप मारली.

"काढा इथून! आत्ता! बघायचंय तर शेताच्या बांधावर जाऊन बघा!"

आतली माणसं चिडली, कुणीतरी तिचा फोटोही काढला. गाडी मात्र हलली.