ब्रेक चांगले होते

ठेकेदाराच्या त्या जुन्या व्हॅनला नाव कुणी ठेवलं नव्हतं, नावं मात्र सगळेच ठेवायचे. लढाईच्या काळातली गाडी, लष्करानं मोडीत काढलेली, कलकत्त्याच्या लिलावातून भिलाईला आलेली. दार आपटलं की भोंगा वाजायचा आणि भोंगा वाजवला की दार उघडायचं. कारखान्याची बांधणी जोरात चालली होती, माणसं पुरत नव्हती, आणि असल्या गाडीत खुर्सीपार वस्तीतली बायामाणसं कोंबून रोज साइटवर न्यायची म्हणजे ड्रायव्हरच्या छातीचंच काम. त्यात ब्रेक सळ्यांचे. पायाखालचं पॅडल दाबलं की लोखंडी सळ्या ओढल्या जाणार, त्या चाकांतले ब्रेक आवळणार. जोर सगळा ड्रायव्हरच्या पायाचा. धोंडबा ड्रायव्हर तर दोन्ही पायांनी पॅडलवर उभाच राहायचा. धोंडबा गाडी चालवत नाही, गाडीवर नाचतो, असं म्हणून बाया मागे फिदीफिदी हसायच्या. त्यांच्यात त्याची बायको कांताही असायची, आणि तिचं हसू सगळ्यांत मोठं असायचं.

हे हसणं दिवाळीपर्यंत टिकलं. सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी तलावाच्या बांधावरून उतरताना, ब्रेक लावायच्या पहिल्याच जागी, गाडी थांबली नाही. खडीच्या ढिगावर जाऊन आदळली. खरचटलं बऱ्याच जणांना. मेली एकटी कांता. मागच्या दाराशी बसली होती, बाहेर फेकली गेली.

कांताची आई पंचफुला तुमसरकडच्या खेड्यातून आली. तिनं लेकीच्या नावानं हंबरडा फोडला नाही की जावयाला शिव्या दिल्या नाहीत. कांताचे दिवस झाले, तशी तिनं चार वर्षांची नात, ललिता, कडेवर घेतली आणि निघाली.

"मामी, म्या ब्रेक दाबला होता," धोंडबा आडवा येत म्हणाला. "लागलाच नाई."

"कोणं पायलं?"

पाहणार कोण? पॅडल आणि त्याचा पाय, दोघांतलीच ती गोष्ट.

"ते गाडी खोलशीन तवा मले बोलाव," पंचफुला म्हणाली. "माह्या डोयानं पाहीन. गाडीचा दोष असन तं हे लेकरू तुह्या पदरात टाकीन आन् तुहे पाय धरीन. नाईतं ज्याच्या पायानं माही पोर मेली, त्याच्या घरी नात ठेवत नाई मी. तिचं तोंड इसर."

एवढी वर्षं ती त्याला जवाईबापू म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा एकेरीवर आली, आणि जाताना मागं वळून पाहिलंही नाही.

खरी गोम अशी की धोंडबाला स्वतःलाच खात्री नव्हती. पॅडल त्याला दगडासारखं लागलं होतं, हे त्याला आठवायचं. पण गुडघा तर त्याचा कित्येक दिवस सुजलेला. मग पॅडल दगड झालं होतं की पायातच जीव नव्हता? हा प्रश्न त्याला जेवू देईना. ताटावर बसायचा आणि पाय दाबून पाहायचा, जमिनीवर, रिकाम्या जागी. शेजारीपाजारी म्हणायला लागले, धोंडबाच्या डोक्यावर परिणाम झाला. झालाच होता, त्यात काय लपवायचं.

अखेर कारखान्याच्या साहेबांनी ठेकेदाराला दम भरला: सळ्यांच्या ब्रेकची गाडी मजूर घेऊन फाटकाशी दिसता कामा नये. ठेकेदारानं कपाळाला आठ्या घालून तेलावर चालणारे नवे ब्रेक मागवले आणि देवाजी मिस्त्रीला कामाला लावलं. देवाजी धोंडबाचा जुना दोस्त. धोंडबानं पंचफुलेला निरोप धाडला, रविवारी या.

अपघातानंतर ओढून आणलेली गाडी तशीच पडून होती. शनिवारी ती खोलली. देवाजी पाठीवर सरपटत खाली गेला आणि धोंडबा चाकाशी उकिडवा बसून राहिला. जीव नुसता टांगणीला लागला होता. बराच वेळ खालून हातोडीचे ठोके आणि देवाजीच्या शिव्या ऐकू येत होत्या.

"धोंडबा! अबे इकडं ये!" देवाजी खालूनच ओरडला. "हे पाय. पॅडलची सळी सांध्यात जाम झाली हाय. हातोडीनं हालून नाई राहिली, तं तुह्या पायानं काय हालन? अबे, हत्ती उभा केला असता तरी हे पॅडल खाली गेलं नसतं. तुहा दोष नाई रे लेका. तुहा दोष नाई!"

धोंडबा तिथंच मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. इतक्या दिवसांत त्याला रडू असं आलंच नव्हतं. आता आलं ते सुटकेचं होतं. त्याच्या डोळ्यांपुढं ललिता घरात रांगोळीच्या रंगाचा सत्यानाश करताना दिसायला लागली. तिची वेणी घालता यायची नाही आपल्याला, शिकावं लागेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

देवाजीनं सांधा ठोकून सोडवला आणि सळी बाहेर सरकवली. "पण हा चिकटा कायचा म्हणावं? ग्रीस तं नाई हे. लाखेवानी वाळलं हाय. आन् हे चिंधी कोणं बांधली?"

सांध्याभोवती एक चिंधी गुंडाळलेली होती. तेलानं आणि धुळीनं काळी पडलेली, पण काठ ओळखू येत होता. हिरवा, पिवळ्या रेघेचा. कांताच्या जुन्या लुगड्याचा काठ.

धोंडबानं सळी नाकाशी नेली. जवसाचं तेल.

त्यांच्या घरी भाजीला जवसाचंच तेल असायचं. सासरचं. पंचफुला आपल्या शेतातला जवस तेलाच्या घाण्यावर नेऊन, स्वतः उभी राहून गाळून घ्यायची आणि लेकीला बाटली पाठवायची. कांता तेच तेल कोमट करून रोज त्याच्या गुडघ्याला चोळायची. एकदा चोळता चोळता म्हणाली होती, "तुमच्या गुडघ्यावानी तुमचं पॅडलबी करकरते जी. त्यालेबी तेल पायजे असन." तो हसला होता आणि विसरून गेला होता. गाडी त्यांच्या झोपडीपुढंच उभी असायची. तळहातावर उरलेलं तेल ती सळीला लावत असणार. धूळ बसू नये म्हणून वर चिंधीही बांधली. पुढं पॅडल कसं लोण्यासारखं मऊ झालं होतं! आणि त्याला वाटलं होतं, देवाजीनं ग्रीस केलं.

जवसाचं तेल उघड्यावर वाळतं. सुतार ते लाकडाला याचसाठी लावतात, की सुकून त्याचा पापुद्रा व्हावा. सळी रोज हलत होती आणि रोज ताजं तेल पडत होतं, तोवर भागलं. दिवाळीत कांताही सणाच्या कामात होती आणि गाडीही जागची हलली नाही. तेल आणि सिमेंटची धूळ सांध्यात वाळून एक झाली.

धोंडबानं देवाजीला सगळं सांगितलं. देवाजी हातातला पाना फिरवत राहिला.

"म्हातारीले हे सांगू नोको," तो म्हणाला. "मी एक पिन तोडून ठेवतो. पिन तुटली म्हणून ब्रेक गेला, एवढंच सांगू. दोष गाडीचाच हाय नं? खोटं थोडंच हाय?"

धोंडबानं होकाराची मान हलवली. चिंधी सोडवून त्यानं खिशात ठेवली. सळी देवाजीनं भंगाराच्या ढिगावर फेकली.

रविवारी सकाळी नवे ब्रेक बसले. आता नळ्यांतली हवा काढायची राहिली होती. हे काम एकट्याचं नाही. एकानं खाली झोपून बोल्ट उघडायचा आणि दुसऱ्यानं वर बसून पॅडल सांभाळायचं. "दाब," देवाजी खालून म्हणायचा, "धरून ठेव... आता सोड." धोंडबा दाबत होता, सोडत होता. हवा निघत गेली तसं पॅडल भरत गेलं आणि नुसत्या चवड्यानं गाडी जागीच अडायला लागली. असे ब्रेक त्यानं जन्मात पाहिले नव्हते. हे आधी आले असते तर कुठं काय बिघडलं असतं?

दुपारी पंचफुला आली. कडेवर ललिता, आणि हातात ललिताच्या कपड्यांचं गाठोडं. गाठोडं पाहून धोंडबा समजला. म्हातारी लेकराला ठेवून जायच्या तयारीनंच आली होती. बोलायची कडक, पण तिलाही गाडीचाच दोष निघायला हवा होता.

"बाबा, मले आजीनं नवा फराक शिवला," ललितानं त्याच्या गळ्यात पडत सांगितलं.

पंचफुलेनं पिशवीतून एक बाटली काढून सीटवर ठेवली. "हे घ्या, जवाईबापू. अवंदाचं तेल हाय. गुडघ्याले लावत जा."

धोंडबाला बाटलीकडं पाहवेना. देवाजीनं घाईघाईनं तुटकी पिन पुढं केली. "हे पाय, बाई. हे तुटली. ब्रेक तिथंच गेला. यानं लय दाबला, पण लागन कसा?"

पंचफुलेनं पिन तळहातावर घेतली, उलटीपालटी केली. "एवढुशा खियानं माही पोर नेली?" ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मले सारं पाहू द्या. बाकीचं कुठं हाय?"

आणि कुणी काही बोलायच्या आत ती भंगाराच्या ढिगाकडं गेली, खाली बसली आणि एकेक लोखंड उचलून पाहायला लागली. उभा जन्म जवस पेरण्यात आणि गाळण्यात गेलेली बाई. तिचा हात त्या सळीकडं गेला.

ती सळी तिच्या नाकाशी गेली असती तर मग काही सांगायची गरज उरली नसती. आपल्या शेतातलं तेल, आपण पाठवलेलं, आपल्या लेकीनं मायेनं लावलेलं, आणि त्यानंच ती गेली. हे घेऊन ही म्हातारी गावी जाणार आणि पुढची सगळी वर्षं जगणार. धोंडबानं ललिताला खाली ठेवलं. तो विचार करत बसला नाही.

"मामी, राहू द्या ते," तो म्हणाला. "ब्रेक चांगले होते."

तिचा हात थांबला. "आन् हे पिन?"

"ते काल खोलताना तुटली. मिस्त्री मले वाचवून राहिला. मले झापड लागली होती, मामी. माहाच पाय उशिरा पडला."

देवाजीनं तोंड उघडलं, धोंडबाकडं पाहिलं आणि हत्यारं गोळा करायला लागला. पंचफुला उठली. तिनं पिन जमिनीवर टाकली, हात पदराला पुसले आणि गाठोडं परत काखेला मारलं.

"खरं बोलला, धोंडबा," ती म्हणाली. "तेवढं बरं केलं." मग ललिताचा हात धरला. "चाल बाई."

ललितानं मात्र भोकाड पसरलं. तिला बाबाच्या गाडीत बसायचं होतं. शेवटी म्हातारी नाइलाजानं दुर्ग स्टेशनपर्यंत गाडीनं यायला तयार झाली. मांडीवर नात घेऊन ती बाजूच्या सीटवर बसली आणि वाटभर समोर पाहत राहिली. रडून थकलेली ललिता थोड्याच वेळात झोपली. तिचा एक पाय झोपेत धोंडबाच्या मांडीवर पडला होता. त्यानं तो सरकवला नाही. वाटेत बैलगाडी आडवी आली, पुढं शेळ्या आल्या. दर वेळी गाडी अलगद उभी राहिली, भरली घागर खाली ठेवावी तशी.

स्टेशन दिसायला लागलं. एकच हिसका दिला असता तर पोर जागी झाली असती. बाबा म्हणाली असती, गळ्यात पडली असती, निदान डोळे उघडून एकदा पाहिलं असतं. धोंडबाचा पाय पॅडलवर होता. शेजारी म्हातारीनं नातीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते. या रस्त्यावर, या गाडीत, या ड्रायव्हरशेजारी बसून तिला काय वाटत असेल ते त्याला कळत होतं.

त्यानं पॅडल हळूहळू दाबत नेलं. गाडी कधी थांबली ते कळलंही नाही. पंचफुला गाठोडं सावरून उतरली आणि फलाटाकडं चालायला लागली. ललिता तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती.