शशीताईंनी टाकलेलं पोस्टकार्ड

शशिकलाताईंना जगात दोन गोष्टींचा मनस्वी राग. एक म्हणजे विकतचं वाटण, आणि दुसरी म्हणजे काम नसताना बसून राहणारी माणसं. त्यामुळे त्यांच्या धाकट्या भावाने, कमलाकरने, त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत समुद्रावर जायचं ठरवलं आणि वर 'तिथे कुणी काही करायचं नाही, नुसतं आरामात बसायचं' असं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या कपाळावर ज्या आठ्या पडल्या त्या आठवडाभर हलल्या नाहीत.

घर तसं लहानच. पनवेलला लाईन आळीत दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. कमलाकर बेलापूरच्या सरकारी कचेरीत, त्याची बायको चारुता मुंबईला बँकेत, निनाद सहावीत आणि मिताली दुसरीत. शिरगणतीत ताई पाचव्या, पण घर चालायचं ते त्यांच्यावर. आई गेली तेव्हा कमलाकर दहा वर्षांचा होता आणि ताई बावीसच्या. लग्न होऊन दीड वर्षात विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. तेव्हा त्यांनी पदर खोचला तो खोचलाच. भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावलं, चारुताची दोन बाळंतपणं काढली आणि तिची नोकरीही सुटू दिली नाही. याबद्दल कुणी चांगलं बोललं की ताई म्हणायच्या, 'त्यात काय मोठंसं!' आणि लगेच कुकरची शिट्टी नीट बसली आहे का ते बघायला उठायच्या.

सहलीला हे कुटुंब दर वर्षी जायचं. किहीम झालं, दिवेआगर झालं, हरिहरेश्वर झालं. उरणच्या समुद्रावर तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मुक्काम असला की पद्धत ठरलेली होती. कुणाच्या तरी वाडीत दोन खोल्या घ्यायच्या आणि स्वयंपाक आपला आपण करायचा. ताईंच्या पिशवीत वातीचा स्टोव्ह, रॉकेलचा डबा, पोळपाट-लाटणं, तांदूळ, मसाला, लिंबाचं लोणचं, सगळं असायचं. मंडळी पाण्यात खेळायला गेली की ताई कामाला लागायच्या, आणि चौघंही भिजून, कुडकुडत परत आली की पानात वाफाळता आमटी-भात तयार. 'आत्या नसती तर आपण उपाशी मेलो असतो,' असं निनाद दर सहलीला एकदा तरी म्हणायचा. ताई वरवर त्याला दटावायच्या. मनातून मात्र त्या वाक्याची वाट बघायच्या.

आणि आता कमलाकरने हे नवंच काढलं होतं. कचेरीतल्या कुणीतरी त्याला एक छापील पत्रक दिलं होतं. काशीदच्या जवळ 'नारळबन' नावाचं रिसॉर्ट निघालं होतं. पत्रकावर दोन माड, रंगीत छत्री आणि खाली यादी: सकाळचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, संध्याकाळचं खाणं, मुलांना झोपाळे, होडीची एक फेरी, सगळं एकाच दरात. वेगळं काही मागायचं नाही, वेगळं काही द्यायचं नाही. निनाद होडीवर खूश झाला, मिताली झोपाळ्यांवर. चारुताला खोलीला लागून न्हाणीघर आहे हे वाचूनच निम्मी सुट्टी झाल्यासारखं वाटलं.

ताईंनी पत्रक लांब धरून दोनदा वाचलं आणि मग एकेक शंका काढायला सुरुवात केली. तेल कुठलं वापरतात? विहीर समुद्राला लागून, म्हणजे पाणी मचूळ असणार. मितालीला मऊ भात लागतो, तो कोण करणार? खालच्या मजल्यावरच्या सुनीताबाई अशाच कुठेशा जेवण धरून गेल्या होत्या, त्यांच्या मुलाचं पोट आठ दिवस ठिकाणावर नव्हतं. सुनीताबाई गेल्या होत्या त्या महाबळेश्वरला आणि मुलाने स्ट्रॉबेरी खाऊन पोट बिघडवून घेतलं होतं, हे ताईंना चांगलं माहीत होतं. पण वादाच्या भरात माणूस एवढं कुठे बघतं?

त्यांच्या मते नागावच उत्तम. तिथे कृष्णकांत म्हणून कमलाकरच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, त्यांच्या वाडीत दोन खोल्या आणि स्वतंत्र स्वयंपाकघर. कमलाकर म्हणाला, बघू. त्याने एका पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने पाडले, एकीकडे नागाव, एकीकडे नारळबन, आणि रोज संध्याकाळी चहा पिता पिता तो त्यात काहीतरी लिहायचा. ताई भाजी निवडता निवडता तिरक्या नजरेने बघायच्या. नारळबनचा रकाना भरत चालला होता. नागावच्या बाजूला चार ओळी होत्या, त्यातल्या तीन ताईंनीच सांगितलेल्या.

खरी गोष्ट अशी की तेलाशी, पाण्याशी आणि मऊ भाताशी ताईंना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना भीती वाटत होती. जिथे चूल नाही, पाटा नाही, वाढायला दुसरी माणसं आहेत, तिथे आपण कोण? कमलाकर-चारुता नवरा-बायको, मुलं त्यांची. आपण तिथे कशाला? आज सहलीला नको असलो तर उद्या आणखी कशाला नको असू. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो जाईना. पोळी लाटताना यायचा, कपडे वाळत घालताना यायचा. आणि शेवटी ताईंनी, आयुष्यात कधी कुणाच्या चहात साखर कमी घातली तरी ती सांगून घालणाऱ्या बाईने, लबाडी केली.

एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी पोस्टातून कार्ड आणलं आणि कृष्णकांतांना लिहिलं. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी येत आहोत, खोल्या चार दिवस राखून ठेवाव्यात. खाली सही केली: कमलाकर. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज झाला तशी कुणी बघत नाही ना म्हणून त्यांनी वळून पाहिलं. पण घरी येऊन त्यांनी शांतपणे चिवड्याचे पोहे उन्हात घातले.

उत्तर आलं ते नेमकं रविवारी सकाळी वर आणून दिलं गेलं, कारण शनिवारचं टपाल खाली सुनीताबाईंकडे राहिलं होतं. सगळे घरातच होते. कमलाकरने कार्ड उलटसुलट केलं आणि मोठ्याने वाचायला लागला. कृष्णकांतांनी लिहिलं होतं की आपल्या पत्राप्रमाणे खोल्या राखून ठेवल्या आहेत. चुलीसाठी लाकडं कोरडीच मिळतील, काळजी नसावी. पाटा-वरवंटा आहे, पण झिजून गुळगुळीत झाला आहे, टाकी लावावी लागेल, ती लावून ठेवतो. मोठी परात मात्र आमच्याकडे नाही, ती येताना आणावी. गाळणं आहे.

वाचता वाचता कमलाकरचा आवाज हळू होत गेला. त्याने काही पत्र टाकलेलं नव्हतं. आणि टाकलं असतं तरी लाकडं कोरडी आहेत का, परात आहे का आणि गाळणं आहे का, हे विचारायचं त्याला सात जन्मांत सुचलं नसतं. चारुताने मान खाली घालून हसू दाबलं. निनाद म्हणाला, बाबा, तुम्हाला परात कशाला हवी?

ताईंना वाटलं असतं तर गप्प बसता आलं असतं. पण तो स्वभावच नव्हता. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, पत्र मी टाकलं. तुझ्या नावाने टाकलं.

"पण का, ताई?" कमलाकर रागावला नव्हता, तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. "तुला नागावला जायचं होतं तर सांगायचंस ना."

"तुमच्या त्या नारळबनात मला काय काम आहे रे?" ताई म्हणाल्या. "सगळं तिथलीच माणसं करणार. मी येऊन काय करू? तुम्ही चौघं जा. मी राहते घरी."

त्या हे बोलल्या आणि त्यांचा त्यांनाच आवाज अनोळखी वाटला.

कमलाकरने कार्ड बाजूला ठेवलं. रकान्यांच्या त्या पाठकोऱ्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "गेल्या वर्षी हरिहरेश्वरला आपण चार दिवस होतो. सांग बघू, समुद्र घराच्या कुठल्या बाजूला होता?"

ताईंनी तोंड उघडलं. विहीर मागच्या दारी होती. वाण्याचं दुकान उजव्या हाताला, रॉकेल मिळायचं तो माणूस देवळाच्या पलीकडे. चूल पूर्वेला तोंड करून होती, धूर डोळ्यांत यायचा. आणि समुद्र? आवाज येत होता एवढं आठवत होतं. तो कुठून येत होता, ते काही केल्या आठवेना.

"मलाही यंदाच लक्षात आलं," कमलाकर म्हणाला. "पंधरा वर्षं तुला समुद्रावर नेतोय आणि समुद्र दाखवलेला नाही. लाज वाटली मला. चूल नसलेली जागा मी त्यासाठी शोधत होतो. पाच माणसांना एक खोली देतील का, म्हणून पत्रं लिहीत होतो. त्यालाच वेळ लागला."

ताई ताट उचलून आत गेल्या आणि मोरीत उभं राहून त्यांनी पदराने डोळे कोरडे केले. चारुता मागोमाग आली. तिने पाठीवर नुसता हात ठेवला आणि म्हणाली की तुमच्याशिवाय गेलो तर मला घास उतरणार नाही, आणि हे मी जेवणाबद्दल बोलत नाहीये. कृष्णकांतांना कमलाकरने माफीचं पत्र टाकलं. त्यात शेवटी ताईंनी स्वतःच्या हाताने दोन ओळी घातल्या, या खेपेला स्वतःच्या सहीने.

तर अशी ही मंडळी भाऊबीज आटोपून एसटीने काशीदला निघाली. परात घरी राहिली. चिवडा-चकल्यांचा डबा मात्र ताईंनी पिशवीत सरकवलाच. दिवाळीचा फराळ म्हणजे काही स्वयंपाक नव्हे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

नारळबनात पहिल्या दुपारी जेवायला बसायची वेळ आली तेव्हा चौघं जाऊन बसली आणि ताई सवयीने मितालीच्या मागे उभ्या राहिल्या, आमटीचा डाव हातात घेऊन. वाढणारी बाई तिथल्याच गावची होती, रूपा नावाची, वयाने ताईंच्याच आसपास. तिने हळूच डाव काढून घेतला.

"बाय, तुमी बसा," ती म्हणाली. "ह्यो माजा काम हाय."

ताई बसल्या. रूपाने तव्यावरची तांदळाची भाकरी आणून त्यांच्या पानात टाकली, फुगलेली, हाताला चटका देणारी. ताईंनी आजवर हजारो भाकऱ्या अशा गरम वाढल्या होत्या; आपण स्वतः अशी गरम केव्हा खाल्ली होती ते आठवेना. त्यांनी दोन खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. वाटणही बरं होतं. तसं त्या रूपाला सांगूनही आल्या, आणि ताईंच्या तोंडून दुसऱ्याच्या वाटणाला बरं म्हणवून घेणं म्हणजे काय, ते रूपाला ठाऊक नसलं तरी कमलाकरला ठाऊक होतं.

तरीही दुसरी सकाळ अवघड गेली. चहा दारात आला. नाश्ता झाला. अंथरुणं कुणीतरी येऊन आवरून गेलं. सगळे समुद्रावर पळाले. या हं मागून, असं सांगून चारुताही गेली. ताई खाटेवर बसून राहिल्या. करायला काही नव्हतं. त्यांनी टॉवेलांच्या घड्या घातल्या, मोडल्या आणि पुन्हा घातल्या. जायचं तर कुणासाठी काय घेऊन जायचं? पाण्याची बाटली चारुताने नेली होती. कोरडे कपडेही नेले होते. ती जुनी भीती हळूच खोलीत येऊन शेजारी बसली.

तेवढ्यात मिताली धावत आली. फ्रॉक भिजून अंगाला चिकटलेला, पायाला वाळू, केसांतून पाणी गळतंय. ताई चटकन उठल्या.

"भूक लागली का गं?"

"नाही."

"मग टॉवेल हवाय? काही लागलं का पायाला?"

"नाही गं."

"मग काय पाहिजे?"

मितालीला हा प्रश्नच कळला नाही. आत्या आज असं काय करते, अशा चेहऱ्याने तिने बघितलं.

"तू ये ना," ती म्हणाली.

"कशाला?"

"कशाला काय? आम्ही सगळे तिकडे आहोत. तू नाहीयेस."

ताई उभ्याच राहिल्या. सव्वीस वर्षं त्यांना हाका आल्या होत्या. भुकेच्या, तापाच्या, बटण तुटल्याच्या, डबा राहिल्याच्या. एकही हाक त्यांनी खाली पडू दिली नव्हती, आणि प्रत्येक हाकेबरोबर एक काम आलं होतं. ही हाक नुसतीच आली होती, मोकळी. देवा, किती दिलंस रे, असं त्यांच्या मनात आलं आणि या वेळी डोळे पुसायला त्या आत गेल्या नाहीत. मितालीने ते बघितलं तर बघू दे.

त्यांनी चपला दारातच काढल्या आणि मितालीचा गारठलेला हात धरला. कमलाकरने लांबून त्यांना येताना पाहिलं आणि पाण्यात उभ्या उभ्या दोन्ही हात वर केले. लाट आली, ताईंचं नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, आणि त्या मागे सरकल्या नाहीत.