वैशाखातलं मोरपीस

वैशाखात मोर पीस टाकत नाही, हे बजाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून तर नवी पेठेतल्या गुरप्पाच्या पूजासाहित्याच्या दुकानात मोरपिसांची ताजी जुडी टांगलेली दिसली, आणि तिचं डोकंच फिरलं.

जेऊरला तिच्या वस्तीवरच्या लिंबावर मोर बसायचे. पाऊस ओसरला, की भादव्यापासून त्यांचा पिसारा एकेक पीस करत झडायचा. ती वेचून बजाबाई दरसाल दसऱ्याच्या आधी याच दुकानात आणून द्यायची. उन्हाळ्यापर्यंत नवा पिसारा यायचा. वैशाखात तर मोर ऐन भरात, लांडोरींपुढं मिरवायचे दिवस. तेव्हा तो पीस कशाला टाकेल?

"आई, चल की, गाडी चुकंल," साडीची पिशवी घेतलेला तिचा लेक दिग्विजय मघापासून घाई करत होता.

तिनं ऐकलंच नाही. जुडी काढून उलटी केली. आपसूक गळालेल्या पिसाचं बूड कोरडं असतं, पांढरं, स्वच्छ. इथं सगळी बुडं कात्रीनं उडवलेली. एक तेवढं कापायचं राहिलं होतं. त्याला काळपट रक्त चिकटलेलं.

"उपटलीत, मुडद्या! उपटून आणलीत ही!"

"माझ्यावर का वरडताय, मावशी?" गुरप्पा घाबरून म्हणाला. "सोमवारी तुमचा दिग्विजयच देऊन गेला की. आईनं पाठवली म्हणाला."

बजाबाई लेकाकडं वळली. तो खाली बघत उभा.

आठवडा झाला, तिचा लंगड्या काही लिंबावर आला नव्हता. फासात बोट तुटलेला मोर, सहा वर्षं तिनं टाकलेली ज्वारी खाऊन मोठा झालेला. रोज हाका मारून तिचा घसा बसला, आणि हे बेणं शेजारी बसून खुशाल भाकरी मोडत होतं!

"आई, तूच म्हणतीस न्हवं, दरसाल झडत्यात, दरसाल येत्यात..."

खाडकन कानाखाली बसली. रस्त्यानं जाणारी माणसं थांबली.

"पिसं इकलीस. पाखरू कुटं हाय?"

दिग्विजय गाल चोळत मागं सरकला.

"तोंड उचकट की!"

"रविवारी... कोंबड्याचा म्हणून मी रस्सा केलता न्हवं."

रविवारी तिनं दोनदा वाढून घेतला होता. कोंबडा लई जुना दिसतोय, चिवट हाय, पण चवीला ब्येस, असंही म्हणाली होती.

तिनं जुडी काखेत मारली, लेकाचं मनगट धरलं आणि रिक्षाला हात केला.

"फॉरेस्टच्या हापिसात चल, बाबा."

"आई, मला आत टाकतील!"

"टाकू देत. खाणाऱ्यात मी बी हाय. सरक तिकडं, मला बसू दे."